डहाणूचे गणितानंद : द. रा. कापरेकर

थोर व्यक्तींची चरित्रे वाचताना विद्यार्थ्याच्या मनात नकळत एक अंतर निर्माण होते. ती व्यक्ती दूरच्या शहरातली, दूरच्या काळातली आणि आपल्याहून निराळ्याच घडणीची असावी, असे त्याला वाटत राहते. म्हणून या स्मरणिकेसाठी चरित्रनायक निवडताना आम्ही आपल्याच परिसराकडे वळलो. तलासरी तालुक्याला लागून असलेल्या डहाणू गावात १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. चिकूच्या वाड्यांसाठी आणि समुद्रकिनाऱ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे नाव कापरेकरांमुळे गणिताच्या इतिहासातही नोंदले गेले आहे. ‘कापरेकर स्थिरांक’ आणि ‘कापरेकर संख्या’ या संज्ञा आज जगभरच्या गणितप्रेमींना परिचित आहेत. महाराष्ट्रात त्यांना ‘गणितानंद’ या नावाने ओळखले जाते.

त्यांची निवड करण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली काही मुले-मुली दरवर्षी विज्ञान शाखेकडे जातात आणि त्यांतील मोजकी गणित हा विषय घेऊन पदवीचा अभ्यास करतात. त्यांची महाविद्यालये लहान असतात. वर्गात बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी असतात, ग्रंथालयात गणिताचे एखादेच कपाट असते. घरचे लोक काळजीने विचारतात की गणितात बी.एस्सी. करून पुढे काय होणार? हा प्रश्न रास्त आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढत आहे, त्या घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कापरेकरांकडे आयुष्यभर एवढीच पदवी होती. एम.एस्सी. नाही, संशोधनाची पदवी नाही, मार्गदर्शक नाही, विद्यापीठातील जागा नाही. केवळ बी.एस्सी. झालेल्या एका शाळाशिक्षकाने त्या शिदोरीवर काय उभे केले आणि त्यासाठी त्यांना काय सोसावे लागले, हे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मदत होईल, असे आम्हांस वाटते.

कापरेकरांचे वडील कारकुनी करीत. दत्तात्रय आठ वर्षांचे असताना त्यांचे मातृछत्र हरपले आणि संगोपनाची सारी जबाबदारी वडिलांवर आली. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. फलज्योतिषाविषयी आपले मत काहीही असो, त्या काळी पत्रिका मांडण्यासाठी हाताने बरीच आकडेमोड करावी लागे, आणि ती आकडेमोड या मुलाने वडिलांजवळ बसून आत्मसात केली. आई नसलेल्या घरात त्याला आकड्यांची सोबत मिळाली. भविष्य सांगण्याचा मार्ग त्याने धरला नाही. आकडे मात्र त्याला कायमचे चिकटले. मुलाची ओढ नेमकी कोणत्या निमित्ताने जागी होईल, हे आधी सांगता येत नाही, याचे हे एक उदाहरण होय.

माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्यास गेले. आपला हा सारा प्रदेश त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. ठाण्याच्या शाळेत असताना गणिती कोडी सोडविणे हा त्यांचा आवडता उद्योग होता. परीक्षेत येणारे गणित एकदा सुटले की संपते. कोड्याचे तसे नसते. एक सुटले की त्यातून दुसरे निघते. आपल्याला पडलेला प्रश्न आपणच वाढवीत नेण्याची सवय त्यांना या वयात लागली आणि तीच पुढे त्यांची कामाची पद्धत ठरली.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये स्थापन केलेले हे महाविद्यालय गणिताच्या परंपरेसाठी प्रसिद्ध होते. कोकणातील मुर्डी गावी जन्मलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविला होता आणि मायदेशी परतून त्यांनी अनेक वर्षे फर्ग्युसनचे प्राचार्यपद सांभाळले होते. रँग्लर परांजपे यांच्या नावे तेथे गणितासाठी एक पारितोषिक दिले जाई. विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रतिभेने केलेल्या मौलिक गणिती कामासाठी ते असे. १९२७ साली हे पारितोषिक कापरेकरांना मिळाले.

या पारितोषिकाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. पदवीच्या वर्गातील विद्यार्थी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले पुस्तक पाठ करणारा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत असते. नवीन काही शोधणे हे पुढच्या टप्प्यावरच्या, मोठ्या विद्वानांचे काम मानले जाते. विशीतल्या विद्यार्थ्याकडून मौलिक कामाची अपेक्षा करणे आणि ते केल्यास त्याचा गौरव करणे, हा त्या पारितोषिकामागचा विचार होता. महाविद्यालयाने कापरेकरांना दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच असावी. आपण स्वतः गणित करू शकतो, हा विश्वास घेऊन ते तेथून बाहेर पडले.

१९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुण्याला त्या वेळी स्वतंत्र विद्यापीठ नव्हते. ते १९४९ मध्ये सुरू झाले. त्यामुळे कापरेकरांची पदवी मुंबई विद्यापीठाची होती. पदवीनंतर लवकरच नाशिकजवळील देवळाली या लष्करी छावणीच्या गावी त्यांना शाळाशिक्षकाची नोकरी मिळाली, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले. डहाणू आणि देवळाली यांच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. समुद्रकाठी जन्मलेला हा माणूस घाटमाथ्यापलीकडे स्थिरावला आणि उरलेले आयुष्य त्याने त्या एका गावात काढले. सकाळी वर्ग, दुपारी वह्या तपासणे आणि उरलेल्या वेळात आकडे, असे त्यांच्या आयुष्याचे साधे गणित होते.

या उरलेल्या वेळात काय घडले, ते आता पाहू. आमची वाचकांना विनंती आहे की पुढील मजकूर कागद-पेन्सिल हाती घेऊन वाचावा. घरात शाळकरी मूल असल्यास त्यालाही जवळ बसवावे. चार अंकी एखादी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढी एकच अट. ते अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया करा. उत्तर तीनच अंकी आले तर पुढे शून्य ठेवून ते चार अंकी समजा.

उदाहरणासाठी आपण कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. उतरत्या क्रमाने ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९, वजाबाकी ९३५१. आता ९५३१ मधून १३५९ वजा केल्यास ८१७२. मग ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. पुढे ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. नंतर ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. त्यानंतर ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि शेवटी ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. सातव्या पायरीवर आपण ६१७४ या संख्येशी आलो. आता पुढे जाऊन पाहा. ६१७४ चे अंक पुन्हा ७६४१ आणि १४६७ असेच मांडले जातात आणि उत्तर पुन्हा ६१७४ येते. कोणतीही संख्या घेऊन निघा, फार तर सात पायऱ्यांत याच मुक्कामी येऊन पोहोचाल. कापरेकरांचे निधन १९८६ साली झाले. ती संख्या घेतली तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येते, म्हणजे जन्मवर्षाच्या वाटेवरच्या दुसऱ्या पायरीवर ती येऊन मिळते आणि तेथून पुढे दोघांची वाट एकच होते.

१९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. ६१७४ या संख्येला पुढे ‘कापरेकर स्थिरांक’ असे नाव मिळाले. तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया केली तर ४९५ ही संख्या येते, हेही वाचकांनी करून पाहावे.

येथे कोणी म्हणेल की ही तर गंमत झाली, यात गणित कोठे आहे? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण शाळेतील आकडेमोड आणि पदवीच्या वर्गातील गणित यांच्यातील फरक नेमका येथेच दिसतो. शंभर संख्या करून पाहिल्या आणि प्रत्येक वेळी ६१७४ आले, तरी एकशे एकाव्या संख्येलाही तेच येईल याची खात्री कोण देणार? ती खात्री सिद्धतेने मिळते. समजा, चार अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे आहेत. उतरत्या क्रमाची संख्या म्हणजे १००० क + १०० ख + १० ग + घ, आणि चढत्या क्रमाची म्हणजे १००० घ + १०० ग + १० ख + क. वजाबाकी केली की उरते ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग). म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. पहिला फरक १ ते ९ पर्यंतच असू शकतो आणि दुसरा फरक शून्यापासून पहिल्या फरकाएवढाच. अशा जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. हजारो चार अंकी संख्या पहिल्याच पायरीवर ५४ संख्यांत सामावल्या जातात. आता या ५४ संख्या तपासल्या की काम संपले. एकही संख्या सुटून जाण्याची भीती उरली नाही. ही तपासणी आपल्या आठवीच्या विद्यार्थ्याला दोन तासांत वहीत करता येईल. परंतु हजारो संख्यांऐवजी ५४ च तपासणे पुरेसे आहे, हे ओळखण्याची दृष्टी गणिताच्या शिक्षणाने येते. त्या दृष्टीसाठीच तीन वर्षांचा पदवीचा अभ्यास असतो.

कापरेकरांचे काम या एका संख्येपुरते नव्हते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग करून २० आणि २५ यांची बेरीज केली की पुन्हा ४५ येतात. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्यांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी संख्या असे नाव दिले. १९०५ ही संख्या स्वतः हर्षद आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १५ आणि १५ गुणिले १२७ म्हणजे १९०५. आपल्या अच्छाडवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक ४८ हाही हर्षदच. ४ आणि ८ मिळून १२, आणि ४८ ला १२ ने भाग जातो.

त्यांची आणखी एक कल्पना आम्हांस विशेष भावते. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. २८ मध्ये २ आणि ८ मिळवले की ३८. ३८ पासून ४९. अशी ही वंशावळ चालू राहते. पण काही संख्या अशा आहेत की त्यांना कोणीही जन्म देत नाही. २०, ३१, ४२, ५३ या संख्या अशा रीतीने दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून मिळत नाहीत. त्यांना ‘स्वयंभू संख्या’ म्हणतात. आपण ज्या गावी राहतो त्या गावावरून कापरेकरांनी त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही संबोधले. या संख्यांवरील पुस्तिका त्यांनी १९६३ साली देवळालीहूनच प्रसिद्ध केली. एका लहान गावाचे नाव असे गणितात गेले. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांना तर मुंबईच्या वाटेवरील एका रेल्वे स्थानकाचे नाव मिळाले, कारण ती कल्पना त्यांना त्या स्थानकावर सुचली होती. विचार करण्यासाठी स्वतंत्र खोली, टेबल, खुर्ची लाभेपर्यंत ते थांबले नाहीत.

एवढे सारे असूनही त्यांच्या वाट्याला मान फार उशिरा आला. देशातील अनेक विद्वान गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. आकड्यांशी खेळणारा एक शाळामास्तर, अशी त्यांची संभावना होई. त्यांचे लेख बहुधा लहान नियतकालिकांत छापले जात; अनेक पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून काढल्या. अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकाने मात्र त्यांच्या लेखनाला जागा दिली. गणित परिषदांना जाऊन ते आपले शोध मांडीत राहिले. कोणी हसले म्हणून त्यांनी परिषदांना जाणे थांबविले नाही, आणि कोणाच्या उपेक्षेने कडवट होऊन वर्गातील मुलांकडे दुर्लक्षही केले नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. कापरेकरांचे घर मोठे श्रीमंत नव्हते, पण त्या घरात अक्षर होते. वडील लिहिते-वाचते होते आणि मुलाला ठाण्या-पुण्यास शिकण्यासाठी पाठविण्याची कल्पना त्या घराला परकी नव्हती. त्याच काळात त्याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे सावकार आणि जमीनदार यांच्या वेठबिगारीत अडकली होती. कापरेकर देवळालीत आकडे मांडत होते त्या दिवसांत, १९४५ साली, येथील वारली शेतमजुरांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, जे पुढे कोसबाडच्या टेकडीवर बहरले. म्हणजे एकाच मातीतील एका मुलाला १९२३ साली महाविद्यालयाचे दार उघडे होते आणि हजारो मुलांना शाळेचेही नव्हते. त्या हजारोंमध्ये आकड्यांची अशीच ओढ असलेली किती मुले असतील, त्यांची मोजदाद कोणीही केलेली नाही. निवासी शाळा आणि वसतिगृहे कशासाठी हवीत, याचे उत्तर आम्हांस येथे मिळते. बुद्धी सर्व घरांत जन्मते; तिला राहण्या-जेवण्याची सोय आणि हाती पुस्तक मिळाले तरच ती पुढे जाते.

गणिताच्या इतिहासातील आणखी एक उदाहरण या संदर्भात आठवते. तमिळ प्रदेशातील कुंभकोणम् या लहान शहरातील महाविद्यालयात १९०४ साली श्रीनिवास रामानुजन यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. गणितात बुडून गेल्याने इतर विषयांत ते मागे पडले, शिष्यवृत्ती गेली आणि पदवी अखेरपर्यंत पूर्ण झाली नाही. पुढे मद्रास बंदरात कारकुनी करीत असताना त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले आणि त्यांचे आयुष्य पालटले. रामानुजन आणि कापरेकर यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. रामानुजन यांच्या कामाची खोली अगदी वेगळी आहे, आणि कापरेकरांचे संशोधन बहुतांशी अंकांच्या गुणधर्मांपुरते राहिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु एका बाबतीत आपल्या मुलांसाठी कापरेकरांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. त्यांना कोणी हार्डी भेटले नाहीत. त्यांनी पदवी पूर्ण केली, मिळाली ती नोकरी प्रामाणिकपणे केली, संसार केला आणि या सर्वांबरोबर पन्नासहून अधिक वर्षे गणित चालू ठेवले. चमत्कार घडण्याची वाट पाहता येत नाही, तेथे असे चिकाटीचे आयुष्यच अनुकरणीय ठरते.

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. उदरनिर्वाहासाठी त्यांना उतारवयात गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. या काळातही त्यांचे संशोधन थांबले नाही. आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानासाठी बोलावणे येई आणि ते विद्यार्थ्यांपुढे आपल्या संख्या मांडून दाखवीत. मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले. ते सदर जगभर वाचले जाई. देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव त्या एका लेखाने अनेक देशांत पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ साली, त्यांचे देवळाली येथे निधन झाले. आज संगणकाची भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सरावासाठी जी उदाहरणे दिली जातात, त्यांत ६१७४ ची क्रिया आवर्जून असते. कापरेकरांनी मात्र हे सारे पेन्सिल आणि कागदावर केले होते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. गणितात बी.एस्सी. करून पुढे काय? कापरेकरांचे चरित्र या प्रश्नाला गोड उत्तर देत नाही. त्यांना पैसा मिळाला नाही, मोठे पद मिळाले नाही, आणि मान मिळाला तो आयुष्याच्या संध्याकाळी. म्हणून पदवी पुरेशी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मुलांनी पुढे शिकावे, बी.एड., एम.एस्सी., संख्याशास्त्र, संगणक यांचे मार्ग धरावेत, शिष्यवृत्त्यांची माहिती घ्यावी, स्पर्धा परीक्षांना बसावे. कापरेकरांची उपेक्षा ही भूषणाची गोष्ट मानून कोणी आपल्या मुलांना उपेक्षा सोसण्याचा उपदेश करू नये. ज्या समाजात असा शिक्षक असतो त्या समाजाने त्याला ग्रंथ, नियतकालिके आणि थोडा निवांत वेळ मिळवून दिला पाहिजे, हाही या चरित्राचा धडा आहे.

तथापि या चरित्रातून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते. पदवीच्या वर्गात मिळालेली गणिताची दृष्टी ही स्वतंत्र संपत्ती आहे, आणि महाविद्यालय लहान आहे म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. वर्गात पाचच विद्यार्थी असतील तर प्रत्येकाला फळ्यापाशी जाण्याची संधी पाचपट मिळते. कपाटात वीसच पुस्तके असतील तर ती वीस पुरती वाचता येतात. जो विद्यार्थी प्रत्येक उत्तरानंतर हे असेच का, असे विचारतो आणि सिद्धता मिळेपर्यंत स्वस्थ बसत नाही, त्याला व्यवहारात कोणी सहजी फसवू शकत नाही. बाजारातील हिशोब, कर्जाचे व्याज, जमिनीची मोजणी, मजुरीचा हजेरीपट या सर्व ठिकाणी आपल्या वाडवडिलांना आकड्यांनीच लुबाडले गेले. आकडा ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, असा तो काळ होता. त्या घरातील मूल आज आकड्यांवर हुकमत मिळवीत असेल, तर नोकरी लागण्यापूर्वीच त्या घराने पुष्कळ काही कमावले आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना एक छोटे काम सुचवावेसे वाटते. अच्छाडच्या महामार्गावरून दिवसरात्र मालमोटारी धावतात. प्रत्येकीच्या पाटीवर बहुधा चार अंक असतात. त्यांपैकी एक क्रमांक टिपून घ्यावा आणि वहीत ६१७४ पर्यंतचा प्रवास करून पाहावा. किती पायऱ्या लागल्या, कोणत्या संख्या वाटेत पुन्हा पुन्हा भेटतात, सर्वाधिक क्रमांक कितव्या पायरीवर पोहोचतात, याची नोंद ठेवावी. मोठ्या वर्गातील मुलांनी वर सांगितलेल्या ५४ संख्यांचा तक्ता पूर्ण करून वर्गाच्या भिंतीवर लावावा. पाच अंकी संख्यांना हीच क्रिया लावल्यास काय होते, हा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवावा; त्याचे उत्तर आम्ही येथे मुद्दाम देत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक, अभियंते, बँक कर्मचारी किंवा लेखापाल आहेत, त्यांनी सुट्टीत येऊन मुलांबरोबर एक तास या आकड्यांत घालवावा. गणिताची चार चांगली मराठी पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला भेट द्यावीत. कापरेकरांचे स्मारक उभारण्याची ही आपल्या आवाक्यातली रीत आहे.

डहाणूच्या या सुपुत्राने शाळामास्तर राहूनच गणिताची सेवा केली आणि त्या सेवेतील आनंद आपल्या संख्यांच्या नावांतही ठेवून दिला. त्यांच्या जन्मभूमीच्या शेजारी राहणाऱ्या आपणा सर्वांवर त्या आनंदाचे ऋण आहे. आपल्या तालुक्यांतील लहान महाविद्यालयांत आज गणित शिकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला तो आनंद लाभो, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही गणितानंद कापरेकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.